भिंगबाईंचा राजीनामा

औषधाच्या खोक्यात गोळ्यांच्या पाकिटाभोवती गुंडाळलेला एक कागद असतो. पातळ, घड्यांवर घड्या घातलेला, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांचा. खोकं उघडताना आधी तोच हाताला लागतो आणि आधी तोच कचऱ्यात जातो. हा कागद कुणीतरी लिहितं, कुणीतरी तपासतं, त्यातल्या एकेका शब्दावरून कुठेतरी बैठकांवर बैठका होतात, हे लोकांच्या ध्यानीमनीही नसतं. भिंगबाईंचं सगळं तरुणपण आणि पोक्तपणाचाही बराचसा भाग त्या कागदात गेला.

टेबलावर दांडीचं मोठं भिंग असायचं म्हणून खात्यातल्या पोरांनी पाठीमागे ठेवलेलं हे नाव. एकदा जिन्यात ते त्यांच्या कानावर पडलं. पोरांची पाचावर धारण बसली. बाई म्हणाल्या, "यापेक्षा वाईट ठेवता आलं असतं," आणि चालू लागल्या. तेव्हापासून ते नाव उजळ माथ्याने वावरायला लागलं, घरापर्यंत पोचलं, आणि लेकही लाडात आली की आईला भिंगबाईच म्हणू लागली.

शिक्षण औषधांचंच झालेलं. कॉलेजातून बाहेर पडल्या पडल्या ही कंपनी मिळाली. प्रयोगशाळेत जागा नव्हती, तेव्हा साहेब म्हणाले, "तोवर माहितीपत्रकांच्या खात्यात बसा, तात्पुरतं." ते तात्पुरतं वीस-बावीस वर्षं टिकलं. मधल्या काळात प्रयोगशाळेत जागा झाल्या, भरल्या, पुन्हा झाल्या. पण बाई आपल्या खात्यात इतक्या मुरल्या होत्या की त्यांना हलवायचं कुणाच्या मनात आलं नाही. त्यांच्याही आलं नाही. पगार दर वर्षी न मागता वाढत होता. काचेची खोली मिळाली, कंपनीची गाडी मिळाली. नातेवाइकांत कुणाच्या मुलीला उदाहरण द्यायचं झालं की भिंगबाईंचं देत.

आणि भिंगबाई रोज सकाळी कंपनीच्या आवारात गाडी उभी केल्यावर थोडा वेळ तशाच बसून राहत. काही करत नसत. स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत. शेजारच्या गाडीतला माणूस उतरून आत गेला की मग सुस्कारा टाकून दार उघडत.

काम काही कष्टाचं नव्हतं. छापखान्यातून नमुना यायचा, तो मंजूर मजकुराशी अक्षर न् अक्षर ताडून बघायचा. बाई तो शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत. सरळ वाचलं की मन पुढचा शब्द आपणच भरून टाकतं आणि चूक नजरेतून निसटते. उलटं वाचलं की अर्थ जातो, शब्द तेवढे उरतात. "मी दिवसभर अर्थ लागू न देता वाचते," असं त्या एकदा जेवताना सहज बोलून गेल्या. सगळे हसले. त्याही हसल्या.

त्यांनी काही करून पाहिलं नव्हतं असं नाही. एकदा स्वतःहून एक साधा कागद तयार केला होता. मोठी अक्षरं, मोजकी वाक्यं. गोळी कशासाठी, कधी घ्यायची, विसरली तर काय, आणि काय झालं तर डॉक्टरांकडे जायचं. साहेबांना आवडला. मग तो कंपनीच्या वकिलांकडे गेला. वकिलांनी प्रत्येक वाक्याला एक 'परंतु' जोडला, परंतुला 'अपवाद वगळता' जोडला, आणि कागद परत आला तो जुन्यापेक्षा हातभर लांब होऊन. बाईंनी भिंग उचललं आणि शेवटाकडून वाचायला घेतलं.

असं चाललं होतं, आणि तसंच चालत राहिलंही असतं. पण एके दिवशी सकाळी त्या कामावर निघाल्या, तर खालच्या मजल्यावरचे मास्तर जिन्यात बसलेले दिसले.

मास्तर म्हणजे शिंपी. आयुष्यभर कोट शिवले, आता दुकान बंद करून घरी बसले होते. एकटेच राहत. इमारतीतल्या लोकांचे कपडे उसवून-आटवून देत, तेवढाच विरंगुळा. त्या दिवशी चेहरा लालबुंद झालेला, कपाळावर घाम, आणि कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरलेला.

"मास्तर, काय होतंय?"

"काही नाही हो. जिना जरा फिरतोय."

"सकाळची गोळी घेतलीत का?"

मास्तरांनी नजर चुकवली. बाईंनी त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं आणि पुढच्या रस्त्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाब भलताच चढला होता. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या बंद कधी केल्यात?" मास्तर म्हणाले, "झाला असेल महिना." डॉक्टरांनी त्यांची चांगली खरडपट्टी काढली, बराच वेळ आडवं झोपवून ठेवलं, उतार पडल्यावर त्याच गोळ्या पुन्हा चालू करायला सांगून घरी पाठवलं.

घरी आल्यावर मास्तर शिलाई मशीनशेजारच्या खुर्चीत टेकले आणि खणातून एक कागद काढून बाईंच्या हातात दिला. तो खोक्यातलाच कागद. घड्या इस्त्री केल्यासारख्या सपाट केलेल्या, आणि ठिकठिकाणी पेन्सिलीच्या रेघा.

"वाचा," मास्तर म्हणाले. "चक्कर. पायांना सूज. धाप. आणि हे इथे, दृष्टी अंधुक होणे. मला सुईत दोरा ओवता येईनासा झाला तर मी दिवसभर करायचं काय? म्हणून ठेवून दिल्या गोळ्या. हे ज्यानं लिहिलंय ना, त्याला माणूस बरा व्हायला हवाय की आपल्यावर काही बालंट यायला नकोय, एवढं मला कुणीतरी सांगा."

बाईंनी कागद हातात घेताच ओळखला होता. खालच्या कोपऱ्यातला बारीक आकडा त्यांच्याच खात्याचा होता.

"मीच लिहिलाय, मास्तर."

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही?"

"म्हणजे तपासलाय. पण शेवटची सही माझी."

आता हे चिडणार, असं बाईंना वाटलं. पण मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "मग बरंच झालं. तुम्हालाच विचारतो. घेऊ का ही गोळी?"

बाईंनी पर्स खाली ठेवली, समोरच्या स्टुलावर बसल्या आणि समजावून सांगितलं. या कागदात क्वचित म्हणतात ते किती क्वचित. आपल्या सगळ्या गल्लीने ही गोळी घेतली तरी एखाद्यालाच तसं व्हायचं, कदाचित कुणालाच नाही. झालंच तर डॉक्टर गोळी बदलून देतात. पण आपल्या मनाने बंद करायची नाही, कारण बंद केल्यावर काय होतं ते तुम्ही आज जिन्यात पाहिलंत. आणि डोळ्यांची एवढी काळजी असेल तर वाढलेला रक्तदाबच डोळ्यांना जास्त वाईट.

मास्तर एखाद्या गिऱ्हाइकाचं माप घेताना ऐकावं तसं लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "एवढंच होतं?"

"एवढंच."

"मग हे एवढंच का नाही लिहीत?"

बाईंकडे उत्तर होतं, पण ते मास्तरांना सांगण्यासारखं नव्हतं.

ऑफिसात पोचल्या तेव्हा बैठक सुरू होऊन बराच वेळ झाला होता. विषय होता, एका नव्या गोळीच्या कागदात खाज सुटण्यापुढे 'क्वचित' लिहायचं की 'अत्यंत क्वचित'. एक वकील एका बाजूला, दुसरा दुसऱ्या. साहेबांनी बाईंकडे पाहिलं. "तुमचं काय मत?"

बाई म्हणाल्या, "वाचणाऱ्याला दोन्हींनी सारखीच भीती वाटते."

 मग वकिलांपैकी एकजण घसा खाकरून अगदी सभ्यपणे म्हणाला, "ते आपल्या विषयात येत नाही, मॅडम."

त्याचं काही चुकलं नव्हतं. खरंच येत नव्हतं. भिंगबाईंनी मान डोलावली आणि उरलेला वेळ त्या मनाने मास्तरांच्या खोलीतल्या स्टुलावरच बसून होत्या.

मास्तरांच्या पोटात काही राहत नसे. आठवडाभरात सगळ्या इमारतीला कळलं की वरच्या मजल्यावरच्या बाईंना औषधांतलं सगळं समजतं आणि त्या नीट सांगतात. संध्याकाळी दारावरची बेल वाजायला लागली. कुणी खोकल्याचं औषध घेऊन येई, कुणी आईच्या गोळ्यांची पिशवीच. बाई डॉक्टरांनी दिलेल्यात कधी ढवळाढवळ करत नसत. पण कुठली गोळी जेवणाआधी, कुठली दुधाबरोबर नको, कशाने झोप येते, हे सगळं फोड करून सांगत, आणि जिथे शंका वाटे तिथे सरळ डॉक्टरांकडे पिटाळत.

घरात सासूबाई होत्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, पण कान अजून तिखट. त्या एकदा म्हणाल्या, "आपल्या घराची धर्मशाळा झालीये. माझी त्याला ना नाही. पण एक बघितलंस का, तू हल्ली जेवताना बोलतेस."

बाईंनी ते बघितलं नव्हतं.

आणि मग वहिनींची गाठ पडली. कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं, ते वहिनी चालवत. सगळी गल्ली त्यांना वहिनीच म्हणे. नवरा गेल्यापासून त्यांनी धंदा एकहाती सांभाळला होता. पण त्या स्वतः औषधशास्त्र शिकलेल्या नव्हत्या, आणि काउंटरवर फार्मासिस्ट म्हणून नोंदणी झालेला माणूस असल्याशिवाय दुकान उघडता येत नाही असा कायदा. त्यांचा फार्मासिस्ट बायकोच्या बदलीमुळे काही महिन्यांनी दुसऱ्या गावी जाणार होता. भिंगबाई सासूबाईंचे डोळ्यांचे थेंब घ्यायला गेल्या तेव्हा वहिनींनी पैसे घेता घेता विचारलं, "काय हो, तुमची नोंदणी चालू आहे का?"

"आहे," बाई म्हणाल्या, आणि आपल्याच उत्तराने दचकल्या. कंपनीत त्या नोंदणीची कधी गरज पडली नव्हती. तरी मुदत संपत आली की दर वेळी त्या तिचे पैसे भरून टाकत होत्या. कशासाठी, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

"मग याल का? पगार ऐकून हसाल म्हणा."

वहिनींनी पगार सांगितला. भिंगबाई खरोखरच हसल्या. पण दुसरा जिना चढेपर्यंत ते हसू ओसरलं आणि घराचं दार उघडताना त्या मनात घरखर्चाचा हिशेब मांडत होत्या.

पुढचे काही आठवडे त्यांनी कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही. गाडीत बसून भिंतीकडे बघायचा वेळ मात्र वाढत गेला. मनात दोन बायका भांडत होत्या. एक म्हणे, या वयात दुकानात उभी राहणार, लोक तोंडात बोटं घालतील. दुसरी काही युक्तिवाद करत नसे. ती नुसती विचारायची, अजून किती वर्षं?

शेवटी एका रविवारी यजमान शर्टांना इस्त्री करत होते तेव्हा त्यांनी विचारून टाकलं. "अहो, मी नोकरी सोडू का?"

"सोड की," यजमान म्हणाले. दर दोन महिन्यांनी बोलली जाणारी गोष्ट आहे असं त्यांना वाटलं. मग बायकोच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. "दुसरीकडे मिळाली?"

"कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये."

यजमान जमीनमोजणीच्या खात्यात होते. कुठल्याही गोष्टीची हद्द आधी कायम करायची आणि मग बोलायचं ही त्यांची सवय. "कंपनीत तुला कुणी त्रास देतं?"

"नाही."

"मानाने वागवत नाहीत?"

"उलट फार मान देतात."

"मग?"

 त्या म्हणाल्या, "मला तिथे काही वाटत नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही. सकाळी जाते, संध्याकाळी येते, मधे मी कुठे असते ते मला सांगता येत नाही."

"अगं, घराचे हप्ते चालू आहेत. पोरीचं शिक्षण अर्ध्यावर आहे. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन करायचंय." यजमानांचा आवाज चढला. "आणि आवडीचं काय घेऊन बसलीस? मला तरी कुठे आवडतं? पंचवीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजतोय. दोन भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून जातात आणि मधे टेप धरून मी. आवडतं म्हणून जातो का मी?"

हे ते आजवर कधी बोलले नव्हते.  इस्त्रीचा दिवा लागला, विझला.

"तुम्ही हे मला कधी सांगितलं नाहीत," बाई म्हणाल्या.

"तू विचारलं नाहीस. आणि मी तरी स्वतःला कुठे विचारलं होतं?" यजमान खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "मी नाही म्हणत नाहीये. मला भीती वाटते, एवढंच."

"मलाही वाटते."

भिंतीपलीकडे सासूबाई आणि लेक होत्या. दोघींनी अर्थातच सगळं ऐकलं होतं. लेक दारात येऊन म्हणाली, "आई, मला गाडी जाईल याचं वाईट वाटेल, खोटं कशाला बोलू. बाकी सुट्टीत काहीतरी काम मी पण धरू शकते. माझ्या वर्गातले बरेच जण करतात."

सासूबाई तिच्या मागून आल्या. "मला ते फोन जोडून द्यायचं काम आवडायचं," त्या म्हणाल्या. "अर्ध्या गावाचे आवाज ओळखायची मी. पुढे यंत्रं आली आणि आम्हाला घरी बसवलं. महिनाभर डोळ्याला पदर लावून होते. तुझं उलटं आहे. तुला आवडत नाही आणि तुला कुणी घरीही बसवत नाही. तुझं तुलाच उठावं लागणार. ते माझ्यापेक्षा अवघड आहे बाई." आणि आपला मुद्दा संपला असं समजून त्या चहा ठेवायला गेल्या.

त्या दिवशी ठरलं काहीच नाही. पण बोलून झाल्यामुळे घर जरा हलकं झालं.

तेवढ्यात साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं. साहेब निवृत्त होत होते. त्यांची जागा भिंगबाईंना द्यायची असं वर ठरलं होतं. पगार आणखी मोठा, खोली खिडकीची, खिडकीबाहेर झाड. "तुमच्याशिवाय दुसरं नाव आमच्यासमोर आलंच नाही," साहेब मनापासून म्हणाले. बाईंना आनंद व्हायला हवा होता. त्यांना एकदम थकल्यासारखं झालं. पण नाही म्हणायलाही जीभ रेटेना. त्यांनी विचार करायला वेळ मागितला आणि साठलेल्या रजेतली पंधरा दिवसांची रजा घेतली.

घरी येताना कोपऱ्यावर थांबून त्या वहिनींना म्हणाल्या, "रजेत येऊन बघते. पगार नको. जमतंय का तेवढं बघायचंय."

वहिनी म्हणाल्या, "पांढरा कोट मात्र घालावा लागेल. आहे तो जरा सैल होईल." मास्तरांनी तो संध्याकाळपर्यंत आटवून दिला.

पहिला दिवस वाईट गेला. वहिनींच्या दुकानात औषधं कुठल्या क्रमाने लावली होती ते फक्त वहिनींनाच ठाऊक. बाई एक खण उघडत, दुसरा उघडत, तोवर रांग रस्त्यापर्यंत जाई. एक गिऱ्हाईक म्हणालं, "नवीन आहात का? मग जुन्या कुणाला तरी बोलवा." ज्या बाईंच्या सहीवाचून कंपनीतला कागद हलत नसे, त्यांना ते फार लागलं. दुपारनंतर पाय बधिर झाले. एका डॉक्टरांचं अक्षर इतकं अगम्य होतं की बाईंनी सवयीने काउंटरवर भिंग चाचपलं, तर ते ऑफिसात राहिलेलं. शेवटी त्या डॉक्टरांनाच फोन लावला. घरी आल्यावर त्यांनी गरम पाण्यात पाय बुडवले.

"कसं वाटलं?" सासूबाईंनी विचारलं.

"पाय गेले."

"आणि बाकीचं?"

बाईंनी जरा विचार केला. "बाकीचं आहे जागेवर."

हळूहळू खण हाताला येऊ लागले. इन्सुलिन फ्रिजच्या कुठल्या फळीवर, कात्री कुठे, मुदत संपत आलेला माल कुठे बाजूला काढायचा, सगळं अंगवळणी पडलं. एक तरुण बाप तापातल्या बाळाचं औषध घेऊन निघाला होता. बाईंनी त्याला थांबवून मोजायचं झाकण दाखवलं, कितव्या रेघेपर्यंत भरायचं ते त्याच्याकडून भरून घेतलं. तो जेवायच्या चमच्याने देणार होता. एक आजी दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या घेऊन आल्या. नावं वेगळी, रंग वेगळे, पण आतलं औषध एकच. आजी महिनाभर ते दुप्पट घेत होत्या. बाईंनी तिथूनच डॉक्टरांना विचारलं आणि डॉक्टरांनी एक गोळी बंद केली. आजी म्हणाल्या, "तरीच मी दिवसभर पेंगतेय. सून म्हणाली, वय झालं." बाई इतक्या मोकळ्या हसल्या की वहिनींनी आतून डोकावून पाहिलं.

रजा संपायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी यजमान दुकानात आले. आईचे थेंब न्यायचे होते. गर्दी होती, म्हणून गुपचूप रांगेत उभे राहिले. पुढे एक घाबरलेली बाई नवऱ्याच्या गोळ्यांबद्दल काहीबाही विचारत होती, आणि भिंगबाई काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून तिला सांगत होत्या, न कंटाळता, मधेच तिच्या चेहऱ्याकडे बघून तेच पुन्हा साध्या शब्दांत. ती बाई जाताना घाबरलेली नव्हती. मागचे दोघे कुरकुर करत होते. यजमान करत नव्हते. त्यांचा नंबर आला तेव्हा बाईंनी वर न बघताच विचारलं, "हं, बोला काका."

"काका?" यजमान म्हणाले.

बाईंनी वर पाहिलं आणि दोघांनाही हसू आवरेना.

दुकान बंद झाल्यावर दोघं बरोबर घरी निघाले. अर्ध्या रस्त्यात यजमान म्हणाले, "आपण खर्च कुठे कुठे आवरायचा ते रविवारी बसून बघू. घराला रंग यंदा नको. तो काही पळून जात नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे दे सोडून."

भिंगबाई चालता चालता थांबल्या. इतके दिवस वाटत होतं की हे शब्द ऐकले की आपल्याला रडू कोसळेल. तसं काही झालं नाही. घट्ट बूट दिवसभर घालून घरी यावं आणि ते काढून ठेवावेत, तसं वाटलं.

साहेबांना मात्र धक्का बसला. "पगार कमी पडतोय का?"

"नाही साहेब. पगार कधीच कमी पडला नाही."

"मग आमच्याकडून काही चुकलं?"

"नाही. तुम्ही सगळे फार चांगले वागलात. म्हणून तर इतकी वर्षं लागली."

साहेबांना ते कितपत समजलं कोण जाणे, पण त्यांनी वाद घातला नाही. नियमाप्रमाणे आणखी तीन महिने काढायचे होते. ते महिने बाईंना अजिबात जड गेले नाहीत, आणि याचंच त्यांना नवल वाटलं. त्याच बैठका, तेच वकील, तेच परंतु. पण आता त्या वकिलांच्या विनोदांना हसत होत्या. त्यांच्या जागी आलेल्या मुलीला हे काम मनापासून आवडायचं. एकेक स्वल्पविराम ती शिकार केल्यासारखी पकडायची. बाईंनी तिला होतं नव्हतं ते सगळं शिकवलं आणि जाताना ते दांडीचं भिंगही देऊन टाकलं. वीस-बावीस वर्षं आपण जिची जागा अडवून बसलो होतो ती हीच, असंही त्यांना वाटून गेलं.

शेवटच्या दिवशी खात्याने फुलं दिली, साहेबांनी भाषण केलं, गाडीची किल्ली जमा झाली. बाई पिशवी मांडीवर घेऊन बसने घरी निघाल्या. खिडकीशी जागा मिळाली. घरी जाऊन काय काय सांगायचं ते मनात जुळवत होत्या, आणि जुळवता जुळवता त्यांना गाढ झोप लागली. वाहकाने उठवलं तेव्हा बस शेवटच्या थांब्यावर रिकामी उभी होती. "दमलात वाटतं फार," तो म्हणाला. "हो, जरा साठलं होतं," बाई म्हणाल्या, आणि उलट जाणाऱ्या बसचं तिकीट काढलं.

सगळं गुळगुळीत झालं असं नाही. महिनाअखेरीला ओढाताण होते. लेकीने सुट्टीत एका पुस्तकांच्या दुकानात काम धरलं आणि ते तिला शिक्षणापेक्षा जास्त आवडतंय की काय, अशी नवी काळजी घरात आली. सासूबाईंचं ऑपरेशन झालं. आता त्यांना कोपऱ्यातली धूळसुद्धा दिसते आणि त्या ती सगळ्यांना दाखवतात. वहिनींचं आणि भिंगबाईंचं खणांच्या क्रमावरून आठवड्यातून एकदा तरी वाजतं. यजमान अजून जमिनीच मोजतात. पण हल्ली रोज संध्याकाळी ते भांडणाऱ्या भावांच्या गोष्टी घरी येऊन सांगतात, दोघांचे आवाज काढून, आणि टेबलाभोवती हसून हसून मुरकुंडी वळते. आधी ते ऑफिसचं नावही घरात काढत नसत.

मधे भिंगबाईंच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. ताई दूर राहत, बातमी त्यांना उशिरा कळली होती. "ऐकलं ते खरं का गं? एवढी सोन्यासारखी नोकरी सोडलीस?"

"खरं आहे, ताई."

"पस्तावा नाही ना होत?"

"होतो की कधी कधी," बाई म्हणाल्या. "पाय फार दुखले की होतो. ताई, थांब जरा. नाहीतर असं कर, मीच तुला करते रात्री. काउंटरवर कुणीतरी आलंय."

आणि फोन खाली ठेवून त्या पुढे झाल्या.